साडेचार बोटांची मास्तरीण

पारबताबुढीच्या डाव्या हाताले साडेचार बोटं होती, अन् बुढी साऱ्या जगाले सांगे का माहा हातोडा आजवर चुकला नाही. पह्यल्या दिवशी मलेही तिनं हेच सांगतलं, अन् सांगतांनी तोच डावा हात माह्या तोंडासमोर हालवला. मी त्या अर्ध्या बोटाकडं पाहातच राह्यली. ते समजली मी काय पाहून राह्यली ते.

म्हणे, "थे शिकतांनी गेलं. शिकण्यातलं मोजत नसते."

मी म्हटलं, "मंग मोजाचं कवापासून?"

"शिकणं झाल्यावर."

"अन् शिकणं झालं हे कसं समजते, माय?"

"बोटं जाणं बंद होते तवा समजते," असं म्हणून तिनं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी उघडली. बाकीच्या बाया हासल्या. मीही हासाले पाह्यजे होतं, पण त्या दिवशी माह्यानं हासणं होत नोतं.

चिखल्याच्या खाणीच्या अलीकडं, रोडच्या बाजूले, एका ठेकेदाराचं टिनाचं शेड हाय. खाणीतून निंगालेले मॅगनीजचे काळे दगड तिथं येतात. काळ्याले पांढरा दगड चिकटून राह्यते, तो फोडून वेगळा कराचा, काळा एका घमेल्यात अन् पांढरा मागं फेकाचा, एवढंच काम. डाव्या हातानं दगड खालच्या मोठ्या दगडावर धराचा अन् उजव्या हातानं हातोडा हाणाचा. पाहाले असं वाटते का यात काय हाय. पण हातोडा जिथं पडते तिथून आपले बोटं किती दूर असतात हे एकदा पाह्यलं का मंग समजते. मी तं शेडाच्या दारातूनच वापस फिरत होती, पण जाऊ कुठं. माहा नवरा हैदराबादले सेंट्रिंगच्या कामाले गेलेला, पोरगी दहा महिन्याची, माही शाळा आठवीत सुटलेली, दुसरं काम कोण देते.

सुपरवायजरनं ठेवतांनीच सांगून देल्लं होतं. एक महिना पाहीन म्हणे. घमेले भरले पाह्यजे अन् हात सलामत पाह्यजे. ज्या बाईचं बोट ठेचलं थे त्याच दिवशी घरी, ठेकेदाराले दवाखान्याची झंझट नाही पाह्यजे. म्हणजे मी हळू मारला तं घमेलं भरत नाही म्हणून घरी, अन् भरभर मारला तं बोट ठेचते म्हणून घरी. हे ऐकून माहा श्वास जो वर चढला थो महिनाभर खाली आलाच नाही.

"मास्तरीणच्या बाजूले बस," सुपरवायजर म्हणे. मास्तरीण म्हणजे हेच पारबताबुढी. तिले शाळेचं तोंडही माहीत नोतं, तरी साऱ्या नव्या बाया तिच्या बाजूले बसवत. तिनं माही शाळा पुसली अन् तवापासून माहं नाव 'आठवीवाली' झालं.

"आठवीवाली हाय तं लवकर शिकशील," म्हणे. "नाही तं आठवीतून इथं कायले आली असती."

पह्यले तीन दिवस तिनं मले दगडाले हात लावू देल्ला नाही. एक चिचोका खालच्या दगडावर ठेवे अन् म्हणे, याले मार. मी हातोडा उचलू, वर धरून ठेवू, नेम पाहू, अन् अर्ध्यात आल्यावर हात थांबवून पुन्ना नेम पाहू, अन् मंग हळूच टेकवू. चिचोका उडून जाये. बुढी आपला दगड फोडत फोडतच बोले, तिचे डोळे रोडवरच्या ट्रकाकडं, हातोडा आपला टक टक चालू.

"हातोड्याकडं कायले पाह्यते? हातोडा तं तुह्या हातातच हाय, पळून जाणार हाय का थो? दगडाकडं पाहा. जिथं माराचं तिथं डोळे ठेव."

मी म्हटलं, "तुमी तं दगडाकडंही पाहात नाही."

"माहे डोळे आता हातात हायत. तुहे अजून तोंडातच हायत."

मंग म्हणे, "अन् थो श्वास घे. श्वास रोकून कोणता हातोडा चालते? मेली तं तुह्या पोरीले मी नाही पाहणार, मी माह्याच लेकरांले पाह्यलं नाही."

तिचं एक म्हणणं होतं, थे बुढी दिवसातून दहा वेळा म्हणे. भेऊन मारलेला हातोडाच बोट खाते. मधात थांबला, वळला, पुन्ना निंगाला, तो हातोडा कुठं पडन याचा भरोसा नाही. एकदा सोडला का सोडला. मले हे अजिबात पटत नोतं. पण चौथ्या दिवशी खरा दगड हातात आला, अन् मी तिच्या म्हणण्यापरमाणं डोळे दगडावर ठेवून, श्वास सोडून, एकदम भरभर हाणला, अन् थो सिधा माह्या अंगठ्यावर. डोळ्यासमोर काळं झालं.

बुढीनं पह्यले सुपरवायजर कुठं हाय थे पाह्यलं. मंग माहा अंगठा आपल्या पदरात घेऊन कच्चून दाबला.

मी रडत रडत म्हटलं, "तुमीच म्हटलं होतं भरभर मार."

"भरभर म्हटलं होतं, अंगठ्यावर नोतं म्हटलं," म्हणे. "आता दहा दगड फोड अन् मंगच उठ. हात रुसून घरी गेला तं उद्या येत नाही."

दहा दगड मी फोडले, नाक पुसत पुसत. हळदीचा फडका बांधाचा तं सुपरवायजर पाहीन, म्हणून तिनं माह्या अंगठ्याले दगडाची काळी भुकटी चोळली. साऱ्यायचे हात काळेच राह्यत, कोणाले काही दिसलं नाही.

पंधरा दिवसांत माहा हात थोडा वळणावर आला. काय झालं थे मले सांगता येत नाही. पह्यले एकेक मार मी मोजून माराची, मंग एक दिवस शेडामागं बांधलेल्या पोरीच्या झोक्याकडं पाहातांनी ध्यानात आलं का चार दगड फुटून गेले अन् मले माहीतच नाही. बुढीनं पाह्यलं होतं. म्हणे, "आता त्याचा विचार नोको करू. विचार केला का लाजते." म्या विचार केला, अन् पाचव्या दगडाले हातोडा बाजूलेच पडला.

बुढीची घमेंड म्हणाल तं पोतंभर. कोण्या बाईनं दगड चांगला फोडला तं म्हणे, मीच शिकवला. फोडला नाही तं म्हणे, ऐकतच नाही. एक दिवस कुठून तरी एक साहेब आले, त्यांच्या गळ्यात ओळखपत्र अन् हातात मोठा मोबाईल. सुपरवायजरनं त्यांले सिधं बुढीकडं आणलं. बुढीनं पदर नीट केला, खर्रा थुकला अन् असा हातोडा चालवला का काळं इकडं, पांढरं तिकडं, पाहणाऱ्याचे डोळे गरगर. साहेब खूश. म्हणे, "आजी, आता हेच जरा हळू करून दाखवा. कसं धरता, कसं मारता, मले शिकाचं हाय."

बुढी म्हणे, "हळू?"

"हो. एकदम हळूहळू."

बुढीनं हातोडा हळूच वर नेला, अन् तिथं थो थांबला. तिनं हाताकडं असं पाह्यलं का जसा थो शेजारणीचा हाय. मंग हळूच खाली आणला, अन् आणला थो बोटावर. जोराचा नाही लागला, पण लागला, अन् साऱ्या शेडानं पाह्यलं. साहेबांचा मोबाईल चालूच होता. सुपरवायजरनं तोंड फिरवून घेतलं, पाहुण्यासमोर त्याची मास्तरीण घरी कशी पाठवणार.

साहेब गेल्यावर बुढी दिवसभर बडबडत होती. "माणसानं मधात पुसाचं नसते. चालत्या माणसाले पुसलं का पह्यले डावा पाय टाकता का उजवा, तं थो पडनच. मी चुकली नाही. त्यानं पुसलं म्हणून चुकला." शेवंता म्हणून एक बाई आमच्या समोर बसे, ते म्हणे, "मंग हे मोजाचं का नाही, माय?" बुढीनं तिच्या घमेल्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "तुहं घमेलं रिकामं हाय, थे मोज."

तिचा हात हातोड्यापुरताच उस्ताद होता, बाकी कामाले एकदम ढ. हे मी तिच्या घरी पाह्यलं. आमच्या रस्त्यावरच तिचं घर, एकदा पाऊस लागला म्हणून मी पोरीले घेऊन तिच्या ओसरीत थांबली होती. तिच्या सुनेनं नवीन मोबाईल घेतला होता, बुढीच्या पोराचा फोन आला तं सून म्हणे, "आत्याबाई, हिरवं दिसते तिथं बोट लावा." बुढीनं नेम धरला. नेम बरोबर होता, एक सूतही इकडं तिकडं नाही, सिधा हिरव्यावर. पण बोट असं हाणलं का काच चारी बाजूनं तडकली. सून रडाले लागली. बुढी म्हणे, "मधातच लागला ना? मंग माही काय चूक?" दोन दिवस सून तिच्याशी बोलत नोती, अन् बुढी शेडात साऱ्यायले सांगत होती का आजकालच्या काचा कच्च्या येतात.

एक गोष्ट मात्र मी तिले कधी पुसली नाही. माह्या पोरीचा झोका शेडाच्या मागच्या पळसाले बांधलेला राहे, अन् दगडाच्या कपच्या उडत तवा माहा जीव त्या झोक्यात राहे. एक कपची डोळ्यात गेली तं. दुसऱ्या हप्त्यात बुढीनं आपली बसाची जागा बदलली, माह्या अन् झोक्याच्या मधात येऊन बसली, झोक्याकडं पाठ करून. म्हणे, "इकडं सावली हाय." तिकडं सावली नोती. दुपारी पुरं ऊन तिच्या डोक्यावर राहे अन् ते आपला पदर डोक्यावर घेऊन घाम पुसे, अन् शेवंता काही बोलली तं म्हणे, "मले माहीत नाही का सावली कुठं हाय थे."

माह्या महिन्याले आठ दिवस बाकी होते तवा नवे हातोडे आले. पिवळ्या दांड्याचे, मुठीले रबर, दांडा जुन्यापेक्षा एक वीत लांब अन् डोकं जड. संग जाडे हातमोजे. सुपरवायजर म्हणे, लांबून मारा म्हणजे कपची तोंडावर येत नाही, तुमच्याच भल्यासाठी हाय. हरेक हातोड्यावर नंबर टाकला, जुने सारे पोत्यात भरून नेले.

बुढीनं नवा हातोडा हातात घेतला, तोलला अन् म्हणे, "हातोड्याले काय जुनं अन् काय नवं." अन् पह्यलाच मार दगडाच्या पलीकडं, खालच्या मोठ्या दगडावर ठण्णकन. दुसरा बोटाजवळ. तिसरा बोटावर. हातमोज्यामुळं आवाज आला नाही, पण मी बाजूलेच बसली होती, तिचा हात आखडला थे मी पाह्यलं.

तमाशा असा झाला का जितकी जुनी बाई तितकी ते जास्त चुके. शेवंता चुके, तिच्याहून जुन्या चुकत, अन् साऱ्यात जास्त बुढी. अन् मी, जिले तीन हप्ते झाले होते, मी दोन दिवसांत बऱ्यापैकी माराले लागली. माह्यात काही हुशारी नोती. माह्या हाताले अजून काही पाठच झालं नोतं, त्याच्यामुळं त्याले विसराचं काही नोतं. बुढीच्या हाताले तीस वर्षांचं एकच अंतर पाठ होतं, अन् ते अंतर आता राह्यलं नोतं.

मी भीत भीत म्हटलं, "माय, आपण चिचोका ठेवून पाहू का?"

तिनं माह्याकडं पाह्यलं नाही. म्हणे, "चिचोका शिकणाऱ्यासाठी असते."

"दोनच दिवस, हळूहळू. मंग येऊन जाईन हात."

"मले शिकाचं आता काही राह्यलं नाही, आठवीवाली. मी हळू मारू अन् साऱ्या बायांनी पाहाचं काय?"

अन् त्याच जुन्या जोरात मारत राह्यली. तिले कोणी सांगतलं असतं का बाई, तूच आमाले शिकवलं तसं शिक, तं तिनं हातोडाच त्याच्या डोक्यात घातला असता, अन् तवा मात्र नेम चुकला नसता.

मंग तिनं जे केलं थे तिलेच सुचू शकते. शनिवारी साऱ्या बाया हात धूत होत्या, मी पोरीले पाजून राह्यली होती, तवा तिनं आपला हातोडा थैलीत टाकून घरी नेला. अन् माहाही नेला, मले न पुसता. सोमवारी सकाळी दोन्ही घेऊन आली. दोन्हीचा दांडा पोराच्या करवतीनं कापून जुन्या मापाचा केलेला, कापल्या टोकाले काळी भुकटी फासलेली.

म्हणे, "घे. तुहाही नीट करून आणला. आता त्रास नाही होणार."

मले त्रास होतच नोता. त्रास आता झाला. कच्चा हात लांब दांड्यावर कसातरी बसला होता थो पुन्ना चुकाले लागला, अन् बुढीचा तरीही जमेना, कारण दांडा कापला तरी डोकं तं जडच होतं. पण तिले 'हे कायले केलं' म्हणाची माही हिंमत झाली नाही. मी त्या बुटक्या हातोड्यानं मारत राह्यली अन् दिवस मोजत राह्यली. चार बाकी होते.

शेडात साऱ्यायनं हातोडे जेवाच्या सुट्टीत खिळ्याले टांगाचे असा नवा कायदा होता. एका ओळीत पिवळे दांडे लटकत. त्या ओळीत दोन बुटके. सुपरवायजर डबा हातात घेऊन जात होता थो तिथंच थांबला. दोन्ही उतरवले अन् नंबर वाचला.

"अकरा नंबर कोणाचा?"

माहा होता. मी उभी राह्यली. पोरगी झोक्यात रडाले लागली होती, पण माह्यानं तिकडं जाणंही होत नोतं अन् इकडं बोलणंही होत नोतं.

"तू कापला?"

माहा श्वास इतका वर होता का तोंड उघडलं तं फक्त हवाच निंगाली. मी 'नाही' म्हणू शकली असती. 'मले माहीत होतं' असंही म्हणू शकली असती.

मागून बुढी बोलली. "तिले काय पुसता, साहेब. तिले वांगं कापता येत नाही, दांडा काय कापन. मीच कापले दोन्ही."

"काहून?"

"तुमचा हातोडा चूक हाय म्हणून."

"बाकी बायांले जमून राह्यला, आजी."

"त्यांले जुनाही जमत नोता."

सुपरवायजर म्हणे, "हातमोजा काढा."

"कायले?"

"काढा म्हटलं ना."

बुढीनं हळूहळू हातमोजा काढला. दोन नखं काळीनिळी झालेली अन् मधलं बोट सुजून केळासारखं. सुपरवायजर वाईट माणूस नोता, त्याचंही तोंड उतरलं. पण कायदा त्यानंच सांगतला होता. म्हणे, "आजी, आता घरी आराम करा."

"मी चुकली नाही," बुढी म्हणे. "लिहून घ्या कुठं लिहाचं थे. मी चुकली नाही, हातोडा चुकला." अन् थैली उचलून चालाले लागली. जातांनी माह्याजवळून गेली तं हळूच म्हणे, "तोंड मिट, माशी जाईन." बस, एवढंच.

सुपरवायजरनं मले दुसरा लांब दांड्याचा हातोडा देल्ला. मी बसली अन् दगड घेतला. तिच्यामागं गेली नाही, तिच्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. चार दिवसांनी माहा महिना भरला अन् मी राह्यली. शेवंता म्हणे, "तुले मास्तरीणनं शिकवलं म्हणून राह्यली." मी म्हटलं, "हो."

मंग दोन महिन्यांनी मी संध्याकाळी कामावरून काळीपिवळी जीपनं घरी जात होती, पोरगी मांडीवर. बुढीच्या घरासमोर रोडवर एक बैलगाडी आडवी झाली होती म्हणून गाडी थांबली. मी खिडकीतून पाह्यलं. बुढी ओसरीत बसली होती. तिच्या हातात एक हातोडा होता, दांडा बाभळीचा, घरीच तासलेला, शेडातल्या नव्या हातोड्याएवढा लांब. समोर पाट्यावर एक खापराचा तुकडा. ते हातोडा हळूच उचले, वर थांबवे, खापराकडं पाहे, अन् हळूच खाली टेकवे. पुन्ना उचले. जीभ दातात धरलेली. सून दारातून काही बोलली तं तिनं मान हालवून तिले गप्प केलं. एक टेकवला थो थोडा बाजूले गेला, तं तिनं तुकडा सरकवून पुन्ना पह्यल्यापासून सुरू केलं. डाव्या हाताचं मधलं बोट अजून सिधं होत नोतं, ते तिनं बाजूले उचलून धरलं होतं.

बैलगाडी हालेना. ड्रायव्हरनं हात हारनावर नेला.

"भाऊ," मी म्हटलं, "हारन नोको वाजवू."

त्यानं आरशातून पाह्यलं. "काहून? कोणी झोपलं हाय का?"

"झोपलं नाही. थे बुढी हातोडा उचलून राह्यली. तिचं होऊ दे."

त्यानं ओसरीकडं पाह्यलं, त्याले काही समजलं नाही, पण त्यानं हात खाली घेतला.